डाव्या कानावरची शिवण

४ नोव्हेंबर

चि. ठमी,

अनेक आशीर्वाद, आणि वर एक जास्तीचा, कारण आज तुझ्याकडे काम आहे.

कानाचं यंत्र लावत जा म्हणून तू फोनवर ओरडलीस, ते मला यंत्राशिवायही ऐकू आलं. लावतो ग. पण त्यातून मला पंखा ऐकू येतो, गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, शेजारच्या लाँड्रीवाल्याचं त्याच्या मेव्हण्याशी चाललेलं भांडण ऐकू येतं. समोरचा माणूस काय बोलतोय तेवढं मात्र येत नाही. म्हणून पत्र. तुझी काकू म्हणायची, पत्र लिहिलं तरच या माणसाशी बोलणं होईल, कारण पत्राला नुसतं 'हं' म्हणून सुटता येत नाही.

आता काम. मला विणायला शिकव. हसून झालं की पुढे वाच.

हॉस्पिटलने तुझ्या काकूची पिशवी दिली होती ती तशीच दाराच्या मागच्या खुंटीला होती. तिचा चष्मा आणि पाकीट मी तेव्हाच काढून ठेवलं होतं, बाकी हात लावला नव्हता. परवा थंडी पडली, दुकानाच्या शटरला हात लावला तर बोटं आखडली. माझी जुनी टोपी कडेला उसवली आहे. काही सापडतं का म्हणून पिशवी उघडली, तर सुयांवर अर्धी टोपी. करड्या रंगाची, टाके तसेच सुईवर अडकलेले. माझ्यासाठीच चालली असणार. माझी उसवलेली तिने पाहिली होती.

शेजारणी म्हणतात, द्या, दोन दिवसांत पुरी करून देतो. मला ते नको आहे. घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस मी, दोन सुया का धरता येणार नाहीत? तुला तिनेच शिकवलं. तू मला शिकव.

दुसरी गोष्ट. चौकातल्या गोळीबाराच्या स्मारकासाठी समिती झाली आहे, तिच्या एक बाई दुकानात आल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवतात. ज्या कायद्याविरुद्ध चौकात दोन महिने धरणं चाललं होतं तो मागे घेतला गेला, आता चौकात दगड बसवायची परवानगी मिळाली आहे म्हणे. सत्तावीस जानेवारीला वर्ष होईल त्या दिवशी बसवणार. गोळीबारात गेले त्या सगळ्यांची नावं त्यावर, आणि प्रत्येकाच्या घरच्यांची सही लागते. मी सांगितलं, माझी बायको धरणं धरायला गेली नव्हती. ती लोकर आणायला गेली होती आणि लोकरीच्या दुकानाचा रस्ता चौकातून जातो. सरकारी कागदावरही 'रस्त्याने जाणारी महिला' असंच आहे. बाई काहीतरी सांगायला लागल्या, तेवढ्यात यंत्रात शिट्टी वाजायला लागली आणि सेल बदलायला दोघं गिऱ्हाइकं आली. त्या कागद काउंटरवर ठेवून गेल्या. काचेखाली सरकवून ठेवला आहे.

विणायचं लवकर लिही. थंडी वाढते आहे.

तुझा,
काका

११ नोव्हेंबर

ती. काका,

नमस्कार. हसून झालं. मग थोडं रडूनही झालं, तेही सांगून टाकते. लॅबमध्ये आज रक्त द्यायला आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, सुई मला टोचायची आहे का तुम्हाला टोचली आहे?

शिकवते. खुर्चीत ताठ बसा, घड्याळावर वाकता तसे वाकू नका. टाके असलेली सुई डाव्या हातात, रिकामी उजव्या. लोकर उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून. सुलट टाक्यासाठी उजवी सुई डावीकडच्या पहिल्या टाक्याच्या मागून आत घाला, तिच्यावर लोकर एकदा फिरवा, आणि तेवढाच वेढा ओढून पुढे काढा. जुना टाका डाव्या सुईवरून खाली सोडून द्या. झालं. सुई मागून, हे विसरू नका. काकूने मला हे शिकवताना माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. ओळ संपली की सुया हातांत बदलायच्या आणि उलट टाके घालायचे. त्यात लोकर पुढे घेऊन सुई उजवीकडून शिरते. चित्र काढून सोबत जोडलं आहे. चित्र वाईट आहे, पण बोटं तुमची चांगली आहेत.

घाई करू नका. लोकर ओढून धरू नका. काकू बोलत बोलत विणायची म्हणून तिचे टाके सैल असायचे. तुम्ही गप्प बसून विणाल, तुमचे आवळतील.

आणि शिवण. टोपी सपाट विणायची, मग कडा एकमेकींना शिवायच्या. ती शिवण पाठीमागे यायला हवी. तुमच्या टोपीची कधीच येत नसे, नाही का? घातली की थोड्या वेळात शिवण डाव्या कानावर. काकू म्हणायची, टोपी सरळ आहे, यांचं डोकं वाकडं आहे.

आता दुसऱ्या गोष्टीबद्दल. काका, सही करा. ती लोकर आणायला गेली असेल, पण तेवढ्यासाठीच गेली होती असं मला वाटत नाही. त्याच आठवड्यात मी तिला फोन केला होता, तर म्हणाली, चौकात आहे, नंतर बोलते. मागे इतकी माणसं एका सुरात घोषणा देत होती की तिचा आवाज मला धड आला नाही. आणि दर आठवड्याला कसली लोकर आणायची ती? घरात डोकी दोन.

तुमची,
ठमी

२६ नोव्हेंबर

चि. ठमी,

तुझं चित्र मी लाँड्रीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, हे खेकड्याचं ऑपरेशन आहे का?

तरी जमलं. पहिल्या दोन ओळी उसवाव्या लागल्या. तिच्या टाक्यांपर्यंत उसवत आलो आणि तिथे थांबलो, एक टाकाही तिचा सुटू दिला नाही. सुई मागून, सुई मागून, असं मनात म्हणत होतो. आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की डोळ्याचं भिंग काढून ठेवतो आणि विणतो. एक बाई पट्टा बदलायला आल्या, मला पाहून परत बाहेर जाऊन पाटी वाचून आल्या.

लोकरीचं सांगतो. पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायची तेव्हापासून तिच्या मैत्रिणी ढीगभर आहेत. कुणाच्या सुनेला, कुणाच्या नातवाला काही ना काही विणून देत असणार. फोनचंही तसंच. चौकातून जाताना फोन वाजला, उचलला, 'चौकात आहे' म्हणाली. तिथे तेव्हा रोजच आरडाओरडा होता.

ठमे, तू फार मागे लागली आहेस म्हणून एकदाच लिहितो. एकतीस वर्षं ती मला सगळं सांगत आली. दूधवाल्याने किती पाणी घातलं, खिडकीवर कोण हुज्जत घालून गेलं, कोणाच्या मुलीने केस कापले, सगळं. गप्प बसणं तिला येतच नव्हतं. आणि तू म्हणतेस, ती बाई दोन महिने रोज जाऊन तिथे बसत होती आणि घरी येऊन मला एका शब्दाने बोलली नाही? मग मी तिचा कोण होतो? मी तिच्याबरोबर ज्या घरात राहत होतो त्याच घरात ती राहत होती ना?

त्या दगडावर नाव गेलं की हे खरं होईल. ते मला नको आहे. माझी बायको वाटेने जात होती आणि वाटेत मारली गेली. एवढं माझ्याकडे राहू दे.

टोपीचा वरचा भाग कसा आवळत आणायचा ते लिही. लोकर संपत आली आहे.

तुझा,
काका

३ डिसेंबर

ती. काका,

नमस्कार. वरच्या भागासाठी प्रत्येक ओळीत दर काही टाक्यांनी दोन टाके एकत्र विणायचे. टोपी आपोआप मिटत येते. शेवटी थोडे टाके उरले की लोकर तोडून सुईने त्या सगळ्यांतून ओवून घ्यायची आणि ओढायची, पिशवीच्या नाडीसारखी.

तुमचं पत्र मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुढचं जेवले नाही. राग आला आहे, तो लपवत नाही. तुम्ही म्हणता ती वाटेने जात होती. सरकारही तेच म्हणतं. किती सोयीचं आहे! त्या दिवशी जे गेले ते सगळेच वाटेने जात होते असं म्हटलं की गोळी झाडणाऱ्यालाही बरं वाटतं.

मला वाटतं तुम्हाला भीती वाटते. पोलिसांनी तेव्हा दुकानात येऊन तीन तीनदा तेच प्रश्न विचारले होते, ते तुमच्या मनातून गेलेलं नाही. सही केली तर पुन्हा येतील, पुन्हा विचारतील. मी समजू शकते. पण काकू घाबरट नव्हती. पाणीपट्टीच्या खिडकीवर तिने नगरसेवकाला रांगेत उभं केलं होतं. तिला आता तुम्ही 'रस्त्याने जाणारी महिला' करून टाकता, हे मला सहन होत नाही.

तुमची,
ठमी

२२ डिसेंबर

ती. काका,

नमस्कार. माझ्या पत्राला उत्तर नाही. फोन केला तर तुम्ही 'हं, हं, बरं आहे' म्हणालात आणि ठेवून दिलात. लाँड्रीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, काका ठणठणीत आहेत, दिवसभर सुया चालवतात, पण चहाला बोलावलं तरी येत नाहीत.

मी फार बोलले. भीतीचं तर बोलायलाच नको होतं. सहीचं आता विचारणार नाही, शपथ. टोपी झाली का एवढंच कळवा.

तुमची,
ठमी

२ जानेवारी

चि. ठमी,

आशीर्वाद. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू. तुझ्या काकूचं आणि माझं भांडण झालं की ती अबोला धरायची आणि मी दुकानात घड्याळं उघडून बसायचो. या वेळी अबोला मीच धरला आणि घड्याळंही मीच उघडली, दोन्ही कामं एकट्याने करावी लागली.

भीतीचं तू लिहिलंस ते चुकीचं आहे. पोलिसांची भीती माझ्या वयाला कसली. तिने मला वगळलं होतं, हे कुणीतरी मला दाखवून देईल याची भीती वाटते. आता लिहून टाकलं, पुन्हा विचारू नकोस.

आता ऐक, एक मोठी गंमत झाली आहे. लोकर संपली म्हणून आपल्या गल्लीच्या टोकाला एक बाई लोकर ठेवतात त्यांच्याकडे गेलो. चौकापलीकडच्या दुकानात मी जात नाही, तुला माहीत आहे. बाईंना रंग जुळवून हवा म्हणून विणकाम दाखवलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "अहो, हे शिकवलं कुणी तुम्हाला?" मी म्हटलं, पुतणीने. "आणि तिला?" मी म्हटलं, माझ्या बायकोने. म्हणाल्या, "चुकीचं शिकवलंय. सुलट टाक्याला सुई पुढून घालायची असते. तुम्ही सगळे मागून घालता. मागून घातली की प्रत्येक टाक्याला पीळ बसतो. एकदोन असले तर कळत नाही. अख्खी टोपी तशी विणली तर ती हळूहळू एका अंगाला कलते."

मी विचारलं, कुठल्या अंगाला? त्यांनी टोपी पालथी-उताणी करून पाहिली. म्हणाल्या, "ही घालून थोडं चाललात, तर शिवण डाव्या कानावर येईल."

ठमे, माझं डोकं सरळ आहे! एकतीस वर्षं मी आरशासमोर मान इकडून तिकडे करून पाहत आलो. फोटोवाला 'मान जरा उजवीकडे' म्हणाला की मला वाटायचं, त्यालाही दिसलं. आणि इतकी वर्षं ती खुशाल सांगत होती, यांचं डोकं वाकडं, यांचं डोकं वाकडं. दुकानात उभ्या उभ्या मला इतकं हसू आलं की बाईंनी मला स्टूल दिलं. नंतर ते हसू राहिलं नाही, पण स्टूल होतं ते बरं झालं.

बाई म्हणाल्या, उसवून नीट करून देऊ का? मी नको म्हटलं. उसवायचं म्हणजे खालचा तिचा भाग पण उसवायचा. आणि वरचा भाग फक्त सरळ विणला तर तिचं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं ते लगेच दिसेल. मी तसाच चुकीचा विणत गेलो. मुद्दाम चुकायला लागत नाही, तू मला चांगलं चुकीचं शिकवलं आहेस.

परवा टोपी झाली. शिवली, घातली, आणि काय सांगू, पातेल्यावर छोटं झाकण ठेवल्यासारखी डोक्यावर बसली. कान तर सोडच, भुवईपर्यंतही येत नाही. टाके घालताना बडबडीत तिचं मोजणं चुकलं असणार. रागवायलाही ती नाही. कपाटात ठेवली तर कपाट उघडवत नाही, खुंटीला लावली तर सारखी दिसते. सध्या कोटाच्या खिशात ठेवतो.

सत्तावीस तारखेला मी चौकात जाणार आहे. उगाच आनंदू नकोस. सही न केलेला कागद त्या बाईंच्या हातात द्यायला जातोय. कुणाच्या तरी हाती नकार पाठवणं बरं दिसत नाही. त्यांनी माणसासारखं येऊन विचारलं, मीही माणसासारखं जाऊन सांगेन.

तुझा,
काका

९ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र वाचून मी माझा स्वेटर काढला आणि उजेडात धरला. मग लॅबमधल्या सगळ्यांचे. इथे मी चार जणींना विणायला शिकवलं आहे. चौघींच्याही स्वेटरच्या शिवणी हिंडायला निघाल्या आहेत. आमच्या डॉक्टरीणबाई दोन वर्षं समजत होत्या की त्यांचा एक खांदा उतरला आहे, व्यायाम करत होत्या बिचाऱ्या. मी कुणालाही काही सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र पटत नाही. काकूचं माप कधी चुकत नसे. डोळ्यांनी ती मापायचीच नाही. लोकरीचा धागा डोक्याभोवती गुंडाळायची, जिथे टोकं भेटतील तिथे गाठ मारायची आणि त्यावरून टाके घालायची. माझं माप घेताना केस ओढले जायचे. ती टोपी तुमच्यासाठी नसेल, काका. कुणाची असेल ते मला माहीत नाही, आणि मी काही सुचवतही नाही. शपथ घेतली आहे.

मला यायचं होतं, रजा मिळाली नाही. दोघी जणी बाळंतपणावर आहेत. तुम्ही जाल तेव्हा कागद द्या, आणि जमलं तर दोन मिनिटं उभे राहा, माझ्या वाटचेही. नकार देऊन आलात तरी माझे तुम्ही तेच काका. हे आधी लिहायला हवं होतं.

थंडी फार आहे. उसवली असली तरी जुनी टोपी घालून जा, आणि कानाचं यंत्र लावा.

तुमची,
ठमी

२९ जानेवारी

चि. ठमी,

आशीर्वाद. काल लिहायला बसलो होतो, हात चालेना. आज दुकान बंद ठेवलं आहे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आहे. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर शेवटचं आधी सांगून बसेन.

परवा सकाळी कागद घडी करून कोटात ठेवला. जुनी टोपी घातली, यंत्र लावलं. चौकात मी वर्षभर गेलो नव्हतो. दिव्याचा खांब तोच आहे, पुस्तकांच्या दुकानाची काच नवी आहे. दगड माझ्या कमरेएवढा, साधा, त्यावर कापड घातलेलं. मला वाटलं होतं भाषणं असतील, कर्णे असतील. काहीच नव्हतं. माणसं नुसती उभी होती, शंभरदीडशे. थंडीने सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

भूगोलाच्या बाई पुढे उभ्या होत्या म्हणून मी गर्दीच्या मागून, कडेकडेने त्यांच्याकडे निघालो. माझ्या पुढे एक उंच मुलगा पाठमोरा उभा होता. त्याने हिरवी टोपी घातली होती. टोपीची शिवण त्याच्या डाव्या कानावर होती.

मी थांबलो. म्हटलं, असेल. त्याच्या शेजारी एक रिक्षावाले, खाकी शर्टावर तपकिरी टोपी. शिवण डाव्या कानावर. पलीकडे दोघी मुली, त्यांच्या टोप्या लाल. एक गृहस्थ काठी घेऊन, पांढरी टोपी. मग मी गर्दीच्या बाजूने सावकाश चालत गेलो आणि एकेक डोकं पाहत गेलो. टोपी नव्हती अशीही पुष्कळ होती. पण जिथे तसली टोपी होती तिथे शिवण एकाच जागी होती.

इतक्या सगळ्यांची डोकी वाकडी असू शकत नाहीत, ठमे.

मी दीड महिना तिच्यासारखं विणलं नसतं, तर मला टोप्या दिसल्या असत्या आणि मी पुढे गेलो असतो. आता मला पीळ ओळखता येतो. लांबूनही येतो. तो तिचाच हात होता. मी तिथे रडलो. लपवायला जागा नव्हती आणि कुणी पाहतही नव्हतं, तेव्हा रडून घेतलं.

तेवढ्यात भूगोलाच्या बाईच माझ्याकडे आल्या. त्यांचीही टोपी तशीच, जांभळी. दुकानात आल्या तेव्हा थंडी नुकतीच सुरू होत होती, टोपी नव्हती, आणि असती तरी मला तेव्हा काय कळणार होतं म्हणा. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, कानाकडे पाहिलं आणि यंत्राजवळ येऊन सावकाश बोलल्या. यंत्राने पहिल्यांदाच लाज राखली, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

म्हणाल्या, "दुकानात तुम्हाला हेच सांगायचं होतं. त्या रोज दुपारी यायच्या. घोषणा वगैरे द्यायच्या नाहीत, म्हणायच्या, माझा आवाज खिडकीवर ओरडून ओरडून संपला. बसायच्या, विणायच्या आणि बोलायच्या. रात्री उघड्यावर बसणाऱ्यांना टोप्या नाहीत म्हणून त्यांनी सुरुवात केली."

मी विचारलं, "घरी सांगितलं नाही असं काही म्हणाली का कधी?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "आम्ही विचारायचो ना. घरी चालतं का तुम्ही इथे आलेलं? तर म्हणायच्या, घरी रोज सगळं सांगते. आज किती जण होते, कुणाची टोपी झाली, पोलीस कुठे उभे होते. ते भिंग लावून बसलेले असतात, प्रत्येक गोष्टीला 'हं' म्हणतात. एकदाही नको म्हणाले नाहीत. आमच्यात तुमचं नावच 'हंकाका' पडलंय."

ठमे, ती सांगत होती. रोज येऊन सांगत होती. मला वगळलं नव्हतं. उलट तिला वाटत होतं की तिच्या पाठीशी मी आहे, आणि त्या जोरावर ती जात होती. हे कळल्यावर मला बरं वाटावं का वाईट, ते अजून ठरत नाही. काल दिवसभर ती दोन्ही आलटूनपालटून येत होती. आज सकाळपासून बरं जास्त येतं आहे.

मी कागद काढला. बाईंनी हात पुढे केला, तेव्हा मी त्यांच्याकडे पेन मागितलं. दगडावर तिचं नाव त्यांनी आधीच कोरून घेतलं होतं, सही मिळाली नसती तर त्यावर पट्टी लावणार होत्या. कापड काढलं तेव्हा पाहिलं, नावापुढे 'शहीद' वगैरे काही नाही, हे मला आवडलं. प्रत्येकाच्या नावाखाली तो काय करायचा ते आहे. विद्यार्थी, सुतार, नर्स. तिच्या नावाखाली जागा मोकळी होती. 'निवृत्त, पाणीपट्टी विभाग' लिहू का म्हणाल्या. मी सांगितलं, 'टोप्या विणायची' असं लिहा.

आता शेवटचं.

माणसं पांगायला लागली तेव्हा एक बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. माझ्याहून वयाने मोठ्या, अगदी लहानखुऱ्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. पूर्वी पोस्टात तिकिटं विकायच्या म्हणे. त्यांच्या डोक्याला नुसता रुमाल होता. म्हणाल्या, "सगळ्यांच्या झाल्या, माझीच राहिली. धाग्याने माप घेतलं होतं माझं. म्हणाल्या होत्या, तुमचं डोकं केवढुसं, दोन दिवसांत देते."

मी कोटाच्या खिशात हात घातला.

त्यांनी टोपी दोन्ही हातांत घेतली, उलटून पाहिली, गालाला लावली. म्हणाल्या, "पूर्ण केली होती तर त्यांनी." मी सांगितलं, खालची निम्मी तिची आहे, वरची निम्मी माझी. त्यांनी बोटाने ओळीओळीने चाचपून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं. जोड त्यांना सापडला नाही.

मग रुमाल सोडून त्यांनी टोपी घातली. भुवयांपर्यंत आली, कान झाकले, माप बरोबर. चार पावलं चालल्या आणि शिवण डाव्या कानावर आली. मी ती सरळ करायला हात पुढे केला.

म्हणाल्या, "राहू द्या. ती अशीच बसते."

मी म्हटलं, "हं." आणि या खेपेला मला नीट ऐकू आलं होतं.

तुझा,
काका